पूर्वी जास्त गरम होतं

आमच्या आईला गाडीत बसलं की दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तिच्या बाजूची खिडकी उघडी, मग बाहेर धूळ असो नाहीतर थंडी, आणि दुसरं म्हणजे आपण आत्ता कुठल्या गावातून चाललोय ते कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. मुंबई-गोवा हायवेवर हे दुसरं काम हल्ली अवघड झालंय, कारण दहा वर्षांहून जास्त काळ त्या रस्त्याचं जे काही चाललंय त्यात जुन्या खुणा गेल्या, झाडं गेली, आणि गाव कधी आलं कधी गेलं ते पाटी दिसली तरच कळतं. तर जानेवारीतली सकाळ, चिपळूणला मावसबहिणीकडे रात्री मुक्काम करून आम्ही सहाला निघालेलो, देवरुखला मामाला बघायला जायचं होतं. सावर्डे गेलं, आरवली गेलं, मी वाचून दाखवत होतो, आणि तुरळ म्हटल्याबरोबर आई म्हणाली, थांबव, ऊन पाणी बघून जाऊ.

मी म्हटलं, आई मामा वाट बघतोय. ती म्हणाली, तो झोपूनच आहे, कुठे पळून जात नाही.

(मामा पडला होता, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. हे असं बोलायचा अधिकार फक्त सख्ख्या बहिणीला असतो.)

मी या रस्त्याने किती वेळा गेलोय याचा हिशोब नाही, लहानपणी एसटीने, मग ट्रेन आल्यावर ट्रेनने, आता गाडी घेतल्यापासून गाडीने. पण तुरळला उतरून ते गरम पाण्याचं कुंड बघावं असं एकदाही वाटलं नव्हतं. आपल्या वाटेवरच्या गोष्टींचं असंच होतं. मनालीला गेलो तेव्हा मणिकरणला मात्र मुद्दाम वाकडी वाट करून गेलो, तिथे उकळत्या कुंडात पातेली सोडून भात शिजवतात त्याचे फोटो काढले, घरी येऊन चार लोकांना दाखवले, आणि आपल्याच आजोळच्या वाटेवर हायवेला जवळजवळ खेटून जमिनीतून गरम पाणी येतंय ते पन्नाशी जवळ आली तरी पाहिलेलं नाही. बरं, एकटं तुरळ नाही. आरवली, तुरळ, राजवाडी अशी तीन गावं ओळीने, थोड्या थोड्या अंतरावर, तिन्ही ठिकाणी गरम पाणी. राजवाडीला तर सोमेश्वराचं जुनं देऊळही आहे. परदेशात असतं तर तिन्हींचं मिळून एक तिकीट आणि वर फ्रीज मॅग्नेट असतं.

टपरीवर एका पोराला विचारलं, त्याने मोबाईलमधून मान वर न करता हात दाखवला.

आधी दिसला तो उद्घाटनाचा दगड. काळा, गुळगुळीत, अक्षरं सोनेरी, अजून चकचकीत. त्यावर ज्यांची नावं आहेत ती मी इथे लिहीत नाही, दगडावर आहेत तेवढी पुरे. पण त्या सगळ्या परिसरात धड राहिलेली गोष्ट तीच एक. बाकी भिंतीचा गिलावा फुगून सुटलेला, फरशी दोन ठिकाणी खचलेली, कपडे बदलायच्या खोलीला दार होतं म्हणजे चौकट होती आणि चौकटीत दाराचं वरचं बिजागर होतं. आणि पाऊच. शाम्पूच्या पाऊचचा एवढा मोठा साठा मी एका जागी कधी पाहिला नव्हता, एक-एक रुपयावाले, हिरवे, जांभळे, काळे, पाण्याच्या पाटात अडकून त्यांचा छोटा बांधच झालेला. त्यात एक मोजा, दाढीची ब्लेडं, गुटख्याच्या पुड्या, आणि काच फुटलेली एक लक्ष्मीची तसबीर. घरातला जुना देव टाकायला माणूस पवित्र जागा शोधतो आणि ती पवित्र जागा मग उकिरडा होते, याचं मला नेहमी नवल वाटतं. शाम्पूचं पण नवलच, कारण आपल्या कोकणातल्या या बहुतेक झऱ्यांचं पाणी क्षारांचं, जड, त्यात साबणाला धड फेस येत नाही, म्हणून मग एकाच्या जागी दोन पाऊच.

पण वाफ येत होती. हे मला सांगायलाच हवं. थंडी चांगली होती, आजूबाजूच्या गवतावर दव, आणि त्या सगळ्या कचऱ्यावरून, खचलेल्या फरशीवरून पांढरी वाफ संथपणे वर चाललेली, चहाच्या पातेल्यावरून जाते तशी. पाट जिथून सुरू होतो तिथे दगड अगदी स्वच्छ, शेवाळाचा ठिपका नाही. हातभर पुढे गेलं की पिवळट-तपकिरी साय धरलेली, आणखी पुढे हिरवी, आणि जिथे पाणी शेताकडे वळतं तिथे गर्द हिरवं, केसांसारखं लांब शेवाळ. म्हणजे पाणी कुठे किती गरम आहे ते रंगावरूनच वाचता येत होतं. मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून होतो, गुडघ्यांनी आवाज काढेपर्यंत.

आई तोवर कठड्याला धरून उभी होती, तिने टाकीतल्या पाण्यात दोन बोटं बुडवली आणि जाहीर केलं, "पूर्वी जास्त गरम होतं."

आता हे वाक्य आमच्या घरात आंब्याबद्दल, एसटीबद्दल, पावसाबद्दल, माणसांबद्दल सगळ्याबद्दल म्हटलं जातं, त्यामुळे मी लक्ष दिलं नसतं. पण तिच्याकडे पुरावा होता. ती बारा वर्षांची असताना तिच्या आजीला संधिवात होता म्हणून सगळे एसटीने तुरळला आले होते, ओळखीच्या कोणाच्या तरी पडवीत तीन दिवस राहिले, आजी सकाळ-संध्याकाळ ऊन पाण्यात पाय सोडून बसायची. तिसऱ्या दिवशी मामाने, तेव्हा तो आठ वर्षांचा, नको म्हणत असताना पाटात उडी मारली आणि पाय भाजून घेतला. पोटरीवरचा डाग अजून आहे. "आता मारू दे उडी कोणालाही," आई म्हणाली, "सर्दी होईल फार तर."

तिथे पनवेलचे तीन बाईकवाले आले होते, गोव्याला चाललेले. त्यांनी एका रुमालात चार अंडी बांधून ती पोटली दोरीने पाण्यात सोडली होती, आणि एकजण मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ करत होता की बघा मित्रांनो इथे निसर्ग स्वतः अंडी उकडून देतो. चाळीस मिनिटं झाली होती म्हणे. मी गेल्यावर त्यांनी एक काढून फोडलं, आतलं पांढरं नुसतं दुधाळ झालेलं, ते सगळं त्याच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं. बाजूला एक गाववाले काका टॉवेल गुंडाळून अंग पुसत होते, ते अगदी शांतपणे म्हणाले, "घरी नेऊन उकडा." व्हिडिओ तिथेच संपला.

त्यात पोरांची चूक नाही. तुरळच्या झऱ्याचं तापमान जे छापलेलं आढळतं ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, त्याने हात भाजतो पण अंड्याचं पांढरं नीट घट्ट व्हायला अजून थोडं वर जावं लागतं. दापोलीकडच्या उन्हवऱ्याला ७० च्या आसपास आहे, तिथे त्यांचं कदाचित जमलं असतं. मी त्यांना हे सांगितलं नाही, नाहीतर तिघं उलटे फिरले असते.

पण मला एक कल्पना सुचली. आईच्या पर्समध्ये कोविडपासून थर्मामीटर असतो, ओव्याच्या पुडीशेजारी. तो काढला आणि टाकीच्या पाण्यात, जिथे लोक आंघोळ करतात तिथे, टोक बुडवून धरला. बीप वाजला, १०६ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४१ सेल्सिअस. माणसाचा असता तर ऍडमिट केलं असतं. आई म्हणाली बघ, मी म्हटलं होतं ना. मग काकांनी मला खुणेने पुढे बोलावलं, जिथून पाणी टाकीत येत होतं तिथे. "झरा हितं हाय. हात नको लावू, भाजंल." मी लांबून वाकून थर्मामीटरचं टोक धारेत धरलं, आकडा सुद्धा आला नाही, पडद्यावर नुसतं एच असं अक्षर. म्हणजे हे काही माझ्या आवाक्यातलं नाही असं त्या यंत्राचं म्हणणं.

काकांचं म्हणणं असं की पाणी थंड झालेलं नाही, टाकी मोठी झालेय. पूर्वी एवढीशी जागा होती, पाणी येत होतं तसं वाहून जात होतं, आता बांधकाम मोठं, त्यात पाणी पसरतं, बाहेर जायची वाट पाऊचनी तुंबलेली, मग ते बसून बसून निवतं. "पानी काय निवतंय व्हय? टाकी निवलेय." मला हे पटलं. वाडगाभर आमटी परातीत ओतली तर काय होईल, तेच.

आईला पटलं नाही.

ऊन पाणी हा शब्द मी लहानपणी आईकडून ऐकायचो तेव्हा मला वाटायचं उन्हात तापलेलं पाणी. ऊन म्हणजे उष्ण हे फार उशिरा डोक्यात शिरलं. आणि एकदा शिरल्यावर नकाशा वेगळाच दिसायला लागला. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, पालीजवळचं उन्हेरे, तिकडे खानदेशात उनपदेव, नांदेडच्या किनवटकडे उनकेश्वर. म्हणजे कोणी भूगर्भशास्त्रज्ञ यायच्या कितीतरी आधी लोकांनी गावांच्या नावातच नोंद करून ठेवली होती, इथे पाणी ऊन आहे. पाली गणपतीला जाऊन आलेली हजारो माणसं तीन-चार किलोमीटरवरच्या उन्हेऱ्याला गेलेली नसतात, मीही दोनदा पालीला जाऊन तिथे गेलेलो नाही.

कोकणातले हे झरे वर पालघर-ठाणे जिल्ह्यांपासून वज्रेश्वरी-गणेशपुरी-अकलोली, मग उन्हेरे, महाडजवळचं सव, उन्हवरे, हे आरवली-तुरळ-राजवाडी, ते खाली राजापूरपर्यंत, तीनशे किलोमीटरहून लांब अशा एका पट्ट्यात येतात, एका बाजूला सह्याद्री आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. लोक विचारतात खाली ज्वालामुखी आहे का. आपला काळा पाषाण ज्या लाव्हाचा झाला तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची ऊब आता कुठली राहायला. भानगड साधी आहे आणि मला ती ज्वालामुखीपेक्षा जास्त आवडते. हे पाणी म्हणजे मुख्यतः पावसाचंच. ते खडकाच्या भेगांतून खाली खाली जात राहतं, आणि पृथ्वीच्या पोटात साधारण किलोमीटरमागे २५-३० अंश उष्णता वाढत जाते, तेव्हा ६० अंशांचं पाणी म्हणजे ते निदान एक-सव्वा किलोमीटर तरी खाली जाऊन आलेलं, बहुधा जास्तच, कारण वर येताना निवतंही. मग कुठेतरी मोठी भेग सापडली की वर. आपण जे पाणी अंगावर घेतो ते कुठल्या पावसाळ्याचं असेल कोणाला माहीत, कदाचित आईची आजी इथे बसली होती त्याच्याही फार आधीचं. वज्रेश्वरीकडे सांगतात की देवीने राक्षस मारले त्यांचं हे ऊन रक्त. गोष्ट म्हणून ती भारीच आहे.

गंधकाचं पाणी, त्वचारोग बरे होतात, असं पाटीवर लिहिलेलं होतं, अर्धी पाटी पुसलेली. गरम पाण्याने सांधे मोकळे होतात यात खोटं काही नाही, त्याला शास्त्रज्ञ कशाला हवा. त्वचारोगाचं मात्र मला त्या टाकीत बघून उलटंच वाटलं.

तर आईला आंघोळ करायचीच होती. मी म्हटलं पाय धू, पुरे. ती म्हणाली इतक्या लांब येऊन पाय धुवायला मी काय शेतावरून आले? आणि पिशवी घेऊन बायकांच्या बाजूला गेली. मी बाहेर, कानात जीव. तिथेही शेवाळ असणार, तिचे गुडघे, फरशी खचलेली, आणि मी आत जाऊ शकत नाही. पंधरा मिनिटं गेली. आतून हसण्याचे आवाज यायला लागले तेव्हा जरा बरं वाटलं.

आत काय झालं ते तिने नंतर गाडीत सांगितलं. दाराला कडी नव्हती, तर गावातल्या एका बाईने आपलं लुगडं दोन हातात धरून पडदा केला आणि आईची आंघोळ होईपर्यंत तशीच उभी राहिली. दुसरी एकजण घरून रिकामी बादली आणि एक कळशी गार पाणी घेऊन आली होती, कारण टाकीत त्या कोणी उतरतच नाहीत, टाकी तुमच्यासारख्यांना, असं ती आईला म्हणाली. त्या धारेचं पाणी बादलीत घेतात, त्यात कळशीतलं थोडं विसण घालतात आणि कोपऱ्यात बसून आंघोळ करतात, वर्षाचे बाराही महिने, लाकूडफाटा वाचतो. आईची पाठ तिने चोळून दिली. कोण कुठली, नाव पण विचारलं नाही. आई म्हणे, तिने मला विचारलं कुठना आलाव, मी म्हटलं माहेर देवरुखचं, तर म्हणाली मग आपलीच की.

आई आत होती तोवर मी काकांशी बोलत होतो, आणि शहरातला माणूस जे बोलतो तेच मी बोललो. की एवढी चांगली जागा, हायवेला लागून, नीट केली, स्वच्छ केली, छान खोल्या बांधल्या तर किती टुरिस्ट येतील. काका टॉवेल पिळत होते. म्हणाले, "येतील की. मंग आमी कुठं जायाचा आंगोळीला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि काकांना ते नकोही होतं, ते चप्पल शोधत होते. मी हा प्रसंग पुढे दोघातिघांना सांगितला तर त्यांना तो फारच आवडला, वा, म्हणजे दुर्लक्ष झालंय तेच बरं झालं. तसंही नाही हो. त्याच काकांच्या बायकोचा हात मागच्या पावसाळ्यात तिथेच शेवाळावर घसरून मोडला होता, त्यांनीच सांगितलं, आणि दाराला कडी नसणं यात गंमत वाटायला आपण त्या दाराच्या बाहेर असावं लागतं. रिसॉर्ट नको हे कबूल, पण एक कडी, धरायला एक लोखंडी दांडा आणि आठवड्यातून एकदा खराटा, यात कोणाचं रिसॉर्ट होत नाही.

माझा एक मित्र कंपनीतर्फे तीन वर्षं जपानला होता, तो तिथल्या गरम झऱ्यांचं फार कौतुक सांगतो. पाण्यात उतरायच्या आधी साबण लावून स्वच्छ अंग धुवायचं, मगच कुंडात, साबणाचा थेंब कुंडात जाता कामा नये. आपल्याकडे नेमकं उलटं. तिकडे त्याचा १९४८ पासून कायदा आहे, आणि त्या कायद्याप्रमाणे जमिनीतून आलेलं पाणी २५ अंश असलं तरी ते गरम झरा म्हणून धरतात. २५! मे महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या नळाला त्याहून गरम येतं. आपल्याकडे ६० अंशांचं येतंय आणि त्याची वाट पाऊचनी तुंबवलेली.

निघताना मी ते पाऊच काढायला गेलो. मोठ्या समाजसेवेच्या भावनेने वगैरे नाही, काकांचं ते टाकी निवण्याचं डोक्यात होतं, म्हटलं बघू तरी. एका काठीने उपसले, गाडीतली पिशवी भरली, पाट सुटल्याबरोबर पाण्याला ओढ लागलेली स्पष्ट दिसली. लक्ष्मीची तसबीर काही उचलवली नाही, काच होती म्हणून असं मी स्वतःला सांगितलं. ती पिशवी पुढे कुठे टाकायची हा प्रश्न संगमेश्वरपर्यंत सुटला नाही, मग शेवटी देवरुखला मामाच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्यात गेली.

आईने तेवढ्यात आपला थर्मास रिकामा केला, चांगला चहा ओतून दिला, आणि काकांकडून धारेचं पाणी भरून घेतलं. मामाला.

देवरुखला पोचायला तासभर लागला. मामा कॉटवर, पायाखाली उशी, टीव्हीवर मॅच. आईने हातपाय सुद्धा न धुता त्याच्यासमोर थर्मास ठेवला, तुरळचं आहे, ऊन पाणी, पाय शेकू या तुझे. मामीने घमेलं आणलं. मामाने थर्मासच्या झाकणात थोडं ओतून त्यात बोट घातलं आणि झटकन काढलं.

"अगं, केवढं गरम! आपल्या वेळी एवढं नव्हतं."

आई बघतच राहिली. मी थर्मामीटर काढून झाकणात बुडवला, अजून एच.

"नव्हतं म्हणजे? तुझा पाय भाजला होता तिथे. डाग आहे अजून. दाखव."

"हा?" मामाने लेंगा वर करून पोटरी दाखवली, रुपयाएवढा गुळगुळीत डाग. "हा बंबाचा. न्हाणीघरातल्या. तूच ढकललंस मला, शिवाशिवीच्या खेळात. आईला सांगायचं नाही म्हणून तू मला चार आणे दिले होतेस, ते पण खोटे."

"काहीतरीच! मी कशाला ढकलीन!"

"मग मी कशाला लक्षात ठेवीन!"

मामीने या सगळ्याकडे अजिबात लक्ष न देता घमेल्यात पाणी ओतलं, हात लावून बघितला, आणि मागच्या दाराकडे वळून सुनेला हाक मारली, तांब्याभर गार पाणी आण गं, विसण घालायला लागणार याला.